आकाशातला चकवा

माझे आजोबा राजापूर तालुक्यातले. नमन-खेळे बघून रात्री रानातून घरी परतायची त्यांना सवय होती, आणि आयुष्यात दोनदा आपल्याला चकवा लागला असे ते शपथेवर सांगत. पायवाट ओळखीची, वहाळ ओळखीचा, पाय कुठे अडखळला नाही; आणि तासाभराने माणूस पुन्हा त्याच फणसाखाली उभा! आपण सरळच चाललो होतो याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नसे. यावरचा त्यांचा उपाय ठरलेला होता. चालायचे थांबायचे, खाली बसायचे, विडी पेटवायची आणि झुंजूमुंजू होईपर्यंत उठायचे नाही. ‘चकव्यात माणूस चालतो म्हणून अडकतो,’ असे ते म्हणायचे.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतले यान सौमान आणि त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मला आजोबांचा फणस आठवला. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात ‘सरळ चालत राहा’ म्हणून सोडले. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलेले असले की माणसे वर्तुळात फिरू लागली आणि आपलीच जुनी वाट ओलांडू लागली. डोळे बांधले तर वर्तुळ कधी कधी वीस मीटरहूनही लहान व्हायचे. चकवा खरा आहे. तो फक्त रानात नसतो, माणसाच्या आत असतो, आणि बाहेरची खूण नाहीशी झाली की डोके वर काढतो.

जमिनीवर त्यावर उपाय आहे, कारण खाली बसता येते. विमानाला खाली बसता येत नाही.

१ जानेवारी १९७८, रविवार. मी तिसरीत होतो. आमचे काका वांद्र्याला चिंबईजवळ राहायचे. दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा मोठ्या माणसांत दुसरा विषय नव्हता. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले होते. कंपनीचे हे पहिले बोइंग ७४७, १९७१ मध्ये मोठ्या कौतुकाने आलेले. दुबईला निघाले होते. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ‘बॉम्बच असणार,’ काका म्हणाले, आणि तेव्हा बरेच जण तसेच म्हणत होते. एवढे मोठे धडधाकट विमान दीड-दोन मिनिटांत उगाच कसे पडेल?

बॉम्ब नव्हता. स्फोटाचा पुरावा सापडला नाही. इंजिने चालू होती आणि चालक अनुभवी होते. मी वैमानिक नाही, डॉक्टर नाही, नोकरीही सगळी टेबलामागे केली. पण ‘मग ते पडले का?’ हा प्रश्न तिसरीपासून माझ्या मागे लागला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी आधी माणसाच्या कानापाशी जाऊन पोहोचलो.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. त्याने एक मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला कळते की आपण वळलो. पातेल्यात पाणी घेऊन पातेले हळूच फिरवून पाहा. सुरुवातीला पाणी जागच्या जागी राहते. फिरवत राहिलात की तेही पातेल्याच्या वेगाने फिरू लागते. मग पातेले एकदम थांबवा, पाणी फिरतच राहते. कानात हेच होते. एकाच वेगाने वळत राहिले तर पंधरा-वीस सेकंदांत द्रव नळीबरोबर फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि कान सांगतो, ‘वळणे थांबले.’ खरोखर थांबलो की तोच कान सांगतो, ‘उलटे फिरू लागलो.’ फुगडी सोडल्यावर घर फिरते ते यामुळेच.

हे मी माझ्या भाच्यावर करून पाहिले आहे. त्याला फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवले आणि एका लयीत फिरवत राहिलो. काही वेळाने तो म्हणाला, ‘मामा, थांबवलीस?’ खुर्ची फिरतच होती. मग मी ती खरोखर थांबवली, तर तो खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडला, ‘अरे, आता उलटी नको फिरवू!’ बाकीची पोरे हसत होती. त्याने डोळे उघडले, भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि दोन क्षणांत ठिकाणावर आला. कॅलेंडर दिसले म्हणून. ढगात किंवा रात्रीच्या समुद्रावर ते कॅलेंडर नसते.

शिवाय फार सावकाश वळण या नळ्यांना कळतच नाही. विमान हळूहळू डावीकडे कलत गेले तर वैमानिकाला आपण सरळच आहोत असे वाटते. चूक लक्षात येऊन त्याने विमान झटकन सरळ केले, तर कानाला फक्त तो उजवीकडचा झटका कळतो, आणि सरळ उडणाऱ्या विमानात बसलेला माणूस आपण उजवीकडे कललो आहोत या समजुतीने स्वतः डावीकडे झुकून बसतो. वैमानिकांच्या ओळखीचा हा रोजचा प्रकार आहे.

‘पण विमान तिरके झाले तर वजन एका अंगावर येईल ना?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. येत नाही. नीट घेतलेल्या वळणात विमान कललेले असते आणि माणूस आसनावर सरळ दाबला जातो. बॉब हूवर हे अमेरिकन कसरतपटू वैमानिक विमानाची पूर्ण गिरकी घेता घेता एका हाताने पेल्यात चहा ओतून दाखवत. थेंब सांडत नसे. चहाला जे कळत नाही ते आपल्या बुडाला कसे कळणार? या कललेल्या वळणात विमानाचे नाक हळूहळू खाली जाते आणि वेग वाढतो. वैमानिकाला वाटते आपण सरळ आहोत, फक्त खाली चाललो आहोत. म्हणून तो दांडा मागे ओढतो. कललेल्या विमानात त्याने वळण अधिकच आवळले जाते. इंग्रजीत या घसरत्या गिरकीला स्मशानाचे नाव दिले आहे.

नळ्यांच्या शेजारी दुसरे एक इंद्रिय आहे: मऊ थरावर बसलेले चुनखडीचे बारीक कण. डोके मागे झुकले की कण मागे सरकतात. पण वेग वाढला तरीही ते मागेच सरकतात, आणि या दोहोंतला फरक त्यांना सांगता येत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश इतक्या त्वरणाने पुढे झेपावलो तर नाक अकरा-एक अंश वर गेल्यासारखे वाटते. दिवसा खिडकीतली जमीन ही समजूत दुरुस्त करते. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री गल्फ एअरचे एअरबस ए-३२० बहारीनला उतरता उतरता पुन्हा वर जाऊ लागले. इंजिनांचा जोर पूर्ण, समोर काळा समुद्र. कप्तानांनी सुमारे अकरा सेकंद दांडा पुढे दाबून धरला. विमान समुद्रात गेले, १४३ माणसे गेली. त्या विमानाचा संगणक ठरावीक मर्यादेपलीकडे नाक खाली जाऊ देत नाही. त्या मर्यादेच्या आत राहूनही समुद्र गाठता येतो, हे त्या रात्री दिसले.

अंग खोटे बोलते हे विमानविद्येला कळायला वेळ लागला. सुरुवातीचे वैमानिक ‘बुडाच्या जाणिवेने’ उडवण्याचा अभिमान बाळगत, आणि ढगात विमान हरवले तर तो त्या माणसाचा कच्चेपणा समजला जाई. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ क्रिसी फील्डवर विल्यम ऑकर हे अमेरिकन लष्करातले मुरलेले वैमानिक वार्षिक वैद्यकीय तपासणीसाठी गेले. डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी त्यांना डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवले. ही खुर्ची ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या रॉबर्ट बारानी यांना कानातल्या याच तोल-यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ चे नोबेल मिळाले होते. ऑकर यांनी माझ्या भाच्यासारखीच उत्तरे दिली, सगळी चुकीची. ते तिथून निघाले आणि एक पेटी घेऊन परत आले. पेटीत वळण दाखवणारे यंत्र आणि एक विजेरी. पेटीच्या झरोक्याला डोळे लावून ते पुन्हा खुर्चीत बसले, आणि डॉक्टरांनी कसेही फिरवले तरी त्यांचे प्रत्येक उत्तर बरोबर आले. अंगाला जे वाटत होते ते तसेच राहिले होते. फक्त त्यांनी अंगाला विचारणे सोडले होते.

ऑकर आणि त्यांचे सहकारी कार्ल क्रेन यांनी कबुतरांचे डोळे बांधून त्यांना विमानातून सोडूनही पाहिले. पाखरांना तरी ही जाण उपजत असेल! कबुतरे उडाली नाहीत. पंख ताठ पसरून छत्रीसारखी तरंगत खाली आली. मला वाटते, आजोबांना हे फार आवडले असते.

वळण दाखवणारे यंत्र आले, पण क्षितिज हवे होते. ते भोवऱ्याने दिले. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजी सोडत नाही. खालचा पाट कलला तरी तो उभाच राहतो. असा भोवरा चौकटीत बसवला आणि त्याला एक आडवी रेघ जोडली, की विमान कसेही कलले तरी रेघ क्षितिजाशी समांतर राहते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ यंत्रे पाहून, विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पुढच्या आसनावर बेन केल्सी हे वैमानिक खबरदारी म्हणून होते. आपण दांड्याला हात लावत नाही हे खालच्या लोकांना दिसावे म्हणून त्यांनी हात बाहेर वर धरले होते. तेव्हापासून वैमानिकाला पहिला धडा हाच मिळतो: अंगावर नाही, काट्यावर विश्वास ठेव.

आता पुन्हा वांद्र्याकडे येऊ. ‘सम्राट अशोक’ने सांताक्रूझच्या धावपट्टीवरून पश्चिमेकडे झेप घेतली. किनारा ओलांडताच मुंबईचे दिवे मागे गेले आणि पुढे समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे झाले. ठरल्याप्रमाणे विमान उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. कप्तानांच्या समोरचे कृत्रिम क्षितिज मात्र उजवीकडे कललेलेच राहिले. त्यांनी धडा तंतोतंत पाळला. अंधारात दुसरी खूण नव्हती, काट्यावर विश्वास ठेवला आणि विमान ‘सरळ करण्यासाठी’ डावीकडे कलवत नेले. काटा हलेना, म्हणून आणखी डावीकडे.

इथे धडा अपुरा पडतो. अंग खोटे बोलू शकते तसा काटाही. म्हणून त्या विमानात साक्षीदार एक नव्हता, तीन होते. सहवैमानिकांसमोर दुसरे क्षितिज आणि मधे राखीव तिसरे. कप्तान आपल्या यंत्राबद्दल गोंधळून बोलले. त्यावर सहवैमानिकांच्या उत्तराची जी नोंद ध्वनिमुद्रणात आहे, तीत आपलेही यंत्र कोलमडले आणि आपले ठीक आहे, असे दोन्ही अर्थ एका दमात येतात. पहा: त्यांचे यंत्र बहुधा खरेच सांगत होते. विमान डावीकडे भलतेच कलले होते, आणि इतके कललेले क्षितिज बघून ते यंत्रच बिघडले असे वाटणे स्वाभाविक होते. फ्लाइट इंजिनिअरना मधल्या यंत्रावरून खरा प्रकार कळला. ‘ते बघू नका’ अशा अर्थाचे त्यांचे शब्द मुद्रित झाले आहेत, पण तेव्हा पाण्याला जेमतेम पाच-सहा सेकंद उरले होते. विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कलले होते. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंद.

चौकशीत दोष कप्तानांच्या चुकीच्या हालचालींकडे गेला: त्यांचे यंत्र बिघडले आणि बाकीच्या यंत्रांवरून सावरता आले नाही. अमेरिकेत यंत्र बनवणाऱ्यांवर भरलेला दावा तिथल्या न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. निष्कर्ष चूक नाही, पण तो वाचून मला समाधान झाले नाही. तीन साक्षीदारांत दोन खरे बोलत होते आणि बहुमत खऱ्याचे असूनही पराभव झाला, कारण मतमोजणीच झाली नाही. ती करायला वेळ होता का? होता, पण फार थोडा. एवढ्या वेळात विचार होत नाही. आधीपासून अंगवळणी पडलेली गोष्टच तेवढी होते.

बावीस वर्षांनी, २२ डिसेंबर १९९९ रोजी, लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचे मालवाहू ७४७ रात्री उडाले. कप्तानांचे कृत्रिम क्षितिज बिघडलेले. आधीच्या फेरीतच बिघाड लक्षात आला होता, दुरुस्ती नीट झाली नव्हती. दोन यंत्रांत तफावत असल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर कलाबद्दल ओरडून सांगत होते. कप्तान डावीकडे कलवत राहिले. सहवैमानिकांसमोर बरोबर चालणारे यंत्र होते, आणि ते काहीच बोलले नाहीत. मिनिटभराच्या आत विमान जमिनीवर आदळले, चौघेही गेले. वांद्र्याला इशारा उशिरा आला. इथे तो वेळेवर आला, माणूस बोलला नाही. हुद्द्याने आणि वयाने कितीतरी मोठ्या माणसाला ‘तुमचे चुकते आहे’ म्हणणे आपल्याकडेही सोपे नाही. घरात नाही आणि कचेरीत तर नाहीच.

म्हणून दिशाभ्रम टाळण्याचे उपाय शोधू लागलो तर हाती यंत्रे कमी आणि सवयी जास्त लागतात. पहिली सवय ताळा पाहण्याची. कृत्रिम क्षितिज ‘उजवीकडे कललो’ म्हणत असेल तर दिशादर्शकही उजवीकडे फिरायला हवा. फिरत नसेल तर दोघांपैकी एक खोटा आहे, मग तिसऱ्याला विचारायचे. वैमानिकाची नजर एका यंत्रावर खिळू नये, पाळीपाळीने सगळ्यांवरून फिरत राहावी, यावर प्रशिक्षणात तासन्‌तास खर्च होतात. दुसरी सवय बोलण्याची. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून कॉकपिटमधले वागणे हा रीतसर शिकवण्याचा विषय झाला. कल ठरावीक अंशांपलीकडे गेला की दुसऱ्याने ठरावीक शब्दांत तो मोठ्याने सांगायचा, उत्तर आले नाही तर पुन्हा सांगायचा, आणि तरीही उत्तर आले नाही तर विमान हातात घ्यायचे. शब्द आधीच ठरलेले असले की उद्धटपणाचा प्रश्न उरत नाही. आज प्रवासी विमानांत यंत्रही ‘बँक अँगल’ असे मानवी आवाजात ओरडते. त्याला वयाचा आणि हुद्द्याचा संकोच नाही. अमेरिकेच्या एफ-१६ लढाऊ विमानांत तर २०१४ पासून अशी यंत्रणा आहे, की जमिनीवर आदळणे अटळ दिसताच विमान स्वतःच सरळ होऊन वर झेपावते.

तिसरी गोष्ट: भ्रम आधी अनुभवावा लागतो. पुस्तकात वाचून कोणाचा आपल्या अंगावरचा विश्वास उडत नाही. बंगळुरूच्या वायुदलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये यासाठी सिम्युलेटर आहे. त्यात बसवून वैमानिकाला त्याचे कान कसे फसवतात ते दाखवतात.

आणि काही वेळा खरा उपाय ढगात न शिरणे हाच असतो. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले, चौदा जणांचा मृत्यू झाला. हवामान अनपेक्षित बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि सुस्थितीतले यंत्र डोंगरावर आदळले, असे तिन्ही दलांच्या चौकशीअंती वायुदलाने सांगितले. दऱ्याखोऱ्यांत खालून, डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्याला अचानक आलेल्या ढगात डोळ्यांकडून काट्यांकडे वळायला काही क्षणच मिळतात, आणि डोंगर तेवढेही देत नाही.

या विषयावर लिहिणारे एक आकडा हमखास सांगतात: १७८ सेकंद. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा रीतीने उडवायला लावले. विसांच्या विसांनी ताबा गमावला, कोणी २० सेकंदांत, कोणी ४८० सेकंदांत, सरासरी १७८. एकोणीस जण त्या स्मशान-गिरकीत गेले. आकडा भीती घालायला छान आहे, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पण प्रयोग इथे संपला नव्हता. तो करणाऱ्यांना वैमानिकांना घाबरवायचे नव्हते, ढगात चुकून शिरलेल्याला मागे वळून बाहेर कसे पडता येईल हे शोधायचे होते. त्यांनी त्याच विसांना थोडक्या तासांत एक कृती शिकवली. चाके खाली सोडायची, इंजिनाचा जोर कमी करायचा, वेग बसवून द्यायचा, आणि मग मुख्य गोष्ट: दांड्यावरचे हात काढून घ्यायचे. वळण दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत फक्त पायांनी, सावकाश, विमान मागे फिरवायचे. ज्यांनी आधी काही सेकंदांत विमान गमावले होते, त्यांतले जवळपास सगळे पुन्हा पुन्हा सुखरूप मागे फिरले.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. भाच्याला मात्र सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे मामा, विमानालाही खाली बसता येतं की.’